नांदेडहून आणलेला निरोप

माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज लातुरात बँकेत आहेत, कोर्टात आहेत, एक तर नगरसेवक झालाय आणि रस्त्यात मला ओळख देत नाही. जन्मला तेव्हा त्याचं नाक गालांत शिरलेलं होतं. सव्वा महिना चिमटीत धरून ते मी वर काढलं नसतं, तर चौकातल्या बोर्डावर तो कसा दिसला असता, हे एकदा त्याला विचारायचंय. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायचं हे माझं काम. आबेदाबीचा हात म्हणजे हात, असं लोक म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला.

काम दिसतं सोपं. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळाला नडग्यांवर उताणं घ्यायचं आणि कोमट करडईच्या तेलानं चोळायचं. हातपाय कुणीही चोळेल. डोक्याचं मात्र सगळ्यांना जमत नाही. जन्मताना दबून आलेलं डोकं दोन्ही तळव्यांत धरून गोल करायचं, कपाळ सारखं करायचं आणि शेवटी टाळूवर तेल जिरवायचं. टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावरची ती मऊ जागा, जी आतून धडधडताना दिसते. ती लवकर भरून आली की पोर पक्कं झालं, आणि जिच्या तेलानं भरली तिचा हातगुण चांगला, असं आमच्याकडं मानतात. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण मीही तेच मानायची.

भूकंप झाला त्या वर्षी संगप्पाचं कुटुंब आमच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन आलं. त्यांचं गाव निलंग्याकडचं. घर जमीनदोस्त झालं होतं, माणसं तेवढी वाचली होती. संगप्पा, त्याची आई सिद्धम्मा आणि आठवा महिना लागलेली बायको नीलम्मा. जमीन हलली तेव्हा नीलम्मा सगळ्यांत आधी बाहेर आली होती. पण आत बांधलेली शेळी ओरडायला लागली म्हणून ही शहाणी परत आत गेली, दावं सोडलं आणि बाहेर पळताना उंबऱ्याला अडखळून पोटावर पडली. शेळी वाचली. सासूनं ते तिला एक दिवस विसरू दिलं नाही.

नोव्हेंबरात नीलम्माला मुलगी झाली. नाव ठेवलं अंजू. शेजारणी मला घेऊन गेल्या तर सिद्धम्मा दारातच अडली. लिंगायताचं घर, आणि मी मुसलमान.

"हिचा हात लावायचा व्हय लेकराला?"

"अव्वा, हात बघा. जात कशाला बघता?" शेजारीण म्हणाली.

त्या वर्षी सगळ्यांनीच एकमेकांच्या हातचं खाल्लं होतं, त्यामुळं सिद्धम्मा फार ताणून धरू शकली नाही. फक्त स्वयंपाकघराकडं फिरकायचं नाही अशी अट घातली. मला तिच्या स्वयंपाकघरात काय ठेवलं होतं? मी न्हाणीत पाट टाकला आणि लेकराला पायांवर घेतलं.

पाचव्या दिवशी माझी बोटं अडली. अंजूच्या डोक्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हाडाची एक कड लागत होती, ओल्या मातीच्या भिंतीवर लिंपताना राहून जाते तशी. आणि टाळू जवळजवळ नव्हतीच. बोटाचं टोक मावेल एवढी मऊ जागा. तोवर मी शेकड्यांनी डोकी चोळली होती, असलं कधी लागलं नव्हतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. यात काही निराळं आहे हे माझ्या बोटांनी मला सांगितलं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही. उलट महिनाभरात टाळू पुरती बंद झाली, तेव्हा मी दारात उभी राहून म्हणाले, "बघा अव्वा, टाळू कशी भरून आली. महिन्यात! पोरगी लई हुशार निघणार." सिद्धम्मानं मला गूळ-खोबरं दिलं. गल्लीत बोलबाला झाला आणि मला चार नवी घरं मिळाली.

तीन महिन्यांची झाली तसं अंजूचं कपाळ वर वर चढायला लागलं आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसायला लागले. डोकं गोल व्हायच्या ऐवजी उभट होत होतं. मी जोर लावून चोळायची, पोरगी किंचाळायची. सिद्धम्मा ओसरीवरून सुरू व्हायची, "शेळीपायी लेकरू नासवलंस गं. पडलीस पोटावर, ते बसलं तिच्या डोस्क्याला." नीलम्मा खाली मान घालून ऐकायची. मग मी निघाले की माझ्यामागं दारापर्यंत यायची.

"खाला, बसंल का हो डोकं?"

"बसंल. मी हाय की."

मार्चमध्ये संगप्पाच्या मालकानं सांगितलं की नांदेडला मोफत शिबिर आहे, वाकड्या चेहऱ्याचे, फाटलेल्या ओठांचे पेशंट बघायला हैदराबादचे डॉक्टर येणार आहेत. संगप्पाला तेल गिरणीतून सुट्टी नव्हती. माझी बहीण सबिहा नांदेडला देगलूर नाक्याजवळ राहायची, मला हिंदी-उर्दू बोलता यायची, म्हणून नीलम्माला घेऊन मीच गेले. नीलम्माचं माहेर कर्नाटकच्या शिवेवरचं. तिला कानडी यायची, मराठी यायची, आणि हिंदी ऐकली की ती माझ्या तोंडाकडं बघायची.

शिबिराला जत्रा लोटली होती. आमचा नंबर दुपारी दोनला लागला. डॉक्टर चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं अंजूचं डोकं दोन्ही हातांत घेतलं, आणि मी बघतच राहिले. तो माझ्यासारखाच हात फिरवत होता. कपाळावरून वर, वरून कानाकडं. आणि जिथं माझी बोटं अडली होती, नेमकी तिथंच त्याची अडली.

त्यानं एक्स-रे काढायला सांगितला. नीलम्मा लेकराला घेऊन आत गेली. फिल्म निघाली तरी अंजूचं रडणं थांबेना, म्हणून ती तिथंच कोपऱ्यात तिला पाजत बसली आणि फिल्म माझ्या हातात देऊन मला पुढं पाठवलं. डॉक्टरनं ती खिडकीसमोर धरून बराच वेळ बघितली.

"आप नानी हैं?"

मी मान डोलावली. गर्दीत कुठं नातं समजावून सांगत बसायचं?

मग तो मला शांतपणे सांगायला लागला, जशी मी खरंच आजी होते. लहान मुलाची कवटी अनेक तुकड्यांची असते, म्हणाला, मधे फटी असतात. मेंदू वाढतो तसे तुकडे सरकत जातात आणि कवटी मोठी होते. हिच्या फटी आधीच जुळून गेल्या आहेत. मेंदूला जागा पुरत नाही, म्हणून तो वर आणि डोळ्यांच्या बाजूला ढकलतो आहे. कपाळाची हाडं काढून, नीट करून, पुढं सारून बसवावी लागतील. हैदराबादला आणा, वर्षाच्या आत आणा.

"देर हुई तो आँखें जाएँगी, नानी."

मी विचारलं, नीलम्मा भूकंपात पडली होती, त्यानं झालं का? तो म्हणाला, "नहीं नहीं. किसी की गलती नहीं है. पेट में ही ऐसा बनता है. माँ को ज़रूर बता देना."

मग मी आणखी एक विचारलं. मालिश?

तो हसला. चांगला माणूस होता, चिडवायला हसला नाही. "मालिश से कुछ नहीं होगा. न अच्छा, न बुरा."

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला लेकराच्या जिवाची भीती वाटली. चार महिन्यांच्या पोरीची कवटी उघडायची म्हणजे काय खेळ आहे? भीती होतीच, पण ती नंतर आली. आधी आला तो राग. न बुरा, म्हणजे माझ्या हातानं बिघडलं नाही, हे ऐकून मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण न अच्छा? म्हणजे माझ्या हातानं काहीच झालं नाही? टाळू भरली ती मी भरली नाही? गल्लीसमोर मी ज्याचा डांगोरा पिटला तोच लेकराचा आजार होता? दोष दिला असता तर मी भांडले असते. त्यानं माझ्या हाताला हिशेबातच धरलं नाही, आणि ते मला सोसलं नाही.

त्यानं इंग्रजीत चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. पुढचा नंबर पुकारला. नीलम्मा बाहेर आली तेव्हा डॉक्टर दुसऱ्या पेशंटच्या तोंडात बॅटरी धरून बघत होता. तिच्याकडं वळून एवढंच म्हणाला, "नानी को सब समझा दिया है." नीलम्मानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काय म्हणले, खाला?"

चिठ्ठी माझ्या कमरेच्या पिशवीत होती. हे मी काही ठरवून केलं नव्हतं, पण चुकूनही केलं नव्हतं.

"काय न्हाई. तू पडलीस ना, त्याचा मार बसलाय म्हणले डोक्याला. मालिश चालू ठेवा. मोठी झाली की बसतंय."

खोटं उभं करायला खांब लागतो. सिद्धम्मानं तो आधीच रोवून ठेवला होता, मी त्यालाच टेकवलं. नीलम्मा तिथंच, शिबिराच्या अंगणात, मटकन खाली बसली. "म्हंजे माझ्यामुळंच," ती म्हणाली. मी तिला उठवलं, पाणी दिलं आणि स्टँडकडं घेऊन निघाले. लोह्यापर्यंत ती लेकराच्या डोक्यावर हात धरून बसली होती, बस उसळली तरी धक्का लागू नये म्हणून.

लातूरला पोचलो, संध्याकाळी अंजूला शेक द्यायचा होता. शेगडीतले कोळसे ओले होते, पेटत नव्हते. मी पिशवीतून चिठ्ठी काढली आणि कोळशांखाली सारली. छान पेटले. त्याच निखाऱ्यांवर मी ओवा आणि वावडिंग टाकलं आणि त्याच लेकराला धुरी दिली.

दुसऱ्या दिवशी सांगेन, असं वाटलं होतं. मग वाटलं, तीन महिने बघू, माझ्या हातानं बसलं तर सांगायची गरजच नाही. मग वर्ष उलटलं. वर्षाच्या आत असं तो म्हणाला होता. आता सांगून उपयोग काय, आणि इतके दिवस का नाही सांगितलं याला उत्तर काय? नंतर नंतर गप्प बसायची सवयच झाली. शेजारच्या मशिदीतून बांग आली की मी कान पकडायची, आणि नमाज झाली की नीलम्माकडं जाऊन अंजूला मांडीवर घ्यायची. तिनं मला नानी म्हणायला सुरुवात केली. पोरगी खरंच हुशार होती. गल्लीतली पोरं तिला टोपलं म्हणायची, ती त्यांना पाढे म्हणून हरवायची. तिला चिडवलं की मी चप्पल घेऊन पोरांच्या मागं धावायची. गल्लीला वाटायचं, आबेदाबीचा केवढा जीव आहे. जीव होताच, ते काही नाटक नव्हतं.

पाचव्या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं. सहावं लागलं तेव्हा ती डाव्या बाजूच्या वस्तूंना धडकायला लागली. संगप्पानं हैदराबाद गाठलं. तिथं सगळ्यांत आधी एकच विचारलं, इतका उशीर का केला? संगप्पानं सांगितलं, नांदेडच्या शिबिरात थांबा म्हणाले होते. हैदराबादच्या डॉक्टरांचा विश्वासच बसेना. संगप्पानं मग शिबिरातल्या त्या भल्या माणसाला जन्मभर शिव्या दिल्या. माझ्यासमोर दिल्या. मी चहा पीत ऐकल्या.

सात तास ऑपरेशन चाललं. कपाळाची हाडं काढली, तोडून पुन्हा घडवली, पुढं घेऊन तारांनी बांधली. अंजू परत आली तेव्हा चेहरा सुजून डोळे मिटलेले, डोक्यावर या कानापासून त्या कानापर्यंत टाके. मी ओळखलंच नाही. महिन्यानं सूज उतरली आणि पोरीला कपाळ आलं होतं. नीट, सरळ, चारचौघींसारखं. मी सहा वर्षं तेल जिरवलं होतं. त्यांनी सात तासांत करून दाखवलं. पण डावा डोळा गेला तो गेलाच, उजवाही निम्मा राहिला.

नीलम्मानं तिथल्या डॉक्टरांना दुभाषी लावून विचारलं होतं, मी पडले त्यानं झालं का? नाही म्हणाले. तिला ते पटलं नाही. "डाक्टर लोक मन राखायला बोलतेत," ती मला म्हणाली. "तुम्ही तर कानानं ऐकलं होतं नांदेडला. तुम्ही माझ्याशी खोटं बोलला न्हाई, म्हून मला खरं कळलं." मी तिच्यासमोर बसून शेंगा सोलत होते. एक शेंग सुद्धा हातातून पडली नाही.

तोवर लातूर बदलत होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्लास निघाला, मग दुसरा, मग प्रत्येक मजल्यावर एक. नांदेड, परभणी, कुठून कुठून पोरं यायला लागली. पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो दुमजली बोर्डांवर. घरोघरी खोल्या भाड्यानं गेल्या. सिद्धम्मा वारल्यावर नीलम्मानं मुलींची खानावळ काढली. माझं काम बंद पडलं होतं. पोरं आता दवाखान्यात जन्मत होती आणि नर्सा सांगत होत्या, डोक्याला कुणाला हात लावू देऊ नका. बरोबरच सांगत होत्या. मी नीलम्माकडं भाज्या निवडायला आणि डबे पोचवायला लागले. ज्या स्वयंपाकघराकडं फिरकायचं नव्हतं, तिथंच माझा दिवस जायला लागला.

अंजूला बारीक अक्षर अर्ध्या तासापलीकडं वाचता येत नसे. चौथी शिकलेली नीलम्मा भाकऱ्या झाल्या की तिच्यापुढं पुस्तक घेऊन बसायची आणि एकेक अक्षर जोडत विज्ञान वाचून दाखवायची. अकरावीला पुस्तकं इंग्रजी झाली, तेव्हा खानावळीतल्या पोरींकडून ती अक्षरं शिकली आणि स्पेलिंगं वाचायची, शब्द अंजू जुळवायची. "आई, परत वाच." "किती येळा गं?" "परत." एकदा मी म्हटलं, जरा पाठ टेक, नीलम्मा. ती म्हणाली, "तिचा डोळा मी घालवलाय, खाला. मग माझा डोळा तिला नको द्यायला?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तेवढंच. सांगितलं मात्र नाही.

दोन हजार अकरा साली अंजू बारावी झाली. बोर्डावर फोटो लागण्याइतके नाही, पण चांगले मार्क पडले आणि नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. पोरगी उड्या मारत आली. संगप्पानं पेढे आणले. आणि नीलम्मा म्हणाली, नाही.

नाही म्हणजे नाहीच. लातुरातच काहीतरी शिक, बीए कर, घरात राहा. अंजू रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. संगप्पानं समजावून बघितलं. प्रवेश घ्यायला तीन दिवस उरले होते.

दुपारी मी आणि नीलम्मा दोघीच स्वयंपाकघरात होतो. ती संध्याकाळचं पीठ मळत होती.

"जाऊ दे की पोरीला," मी म्हटलं.

"एका डोळ्याची पोर. रस्ता कोण ओलांडून देईल तिला? हॉस्टेलात पोरी हसतील, तवा कोण हाय? मी तिचं वाटोळं केलं, आता मीच संभाळीन. मी मरंस्तोवर ती माझ्या नजरंखाली ऱ्हाईल. तेवढी तरी भरपाई."

मला तेव्हा दिसलं की मी त्या दिवशी शिबिराच्या अंगणात जे खोटं उभं केलं होतं, त्याच्याखाली आता पोरगी सापडणार होती. आधी डोळा गेला होता, आता जायची पाळी तिच्या पुढच्या आयुष्याची होती.

"नीलम्मा, तू पडलीस म्हून झालं न्हाई ते."

"ऱ्हाऊ द्या. मन राखू नका."

"मन न्हाई राखत. मी खोटं बोलले होते."

आणि मी सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी बोटं अडली तिथपासून. तिचे हात परातीत थांबले होते.

"शेळीचं बी काही न्हाई?"

"न्हाई बाई. पोटातच तसं होतं. कुणाची चूक न्हाई म्हणला तो. आईला नक्की सांगा म्हणला."

"आन वर्साच्या आत केलं असतं तर?"

इथं मला आणखी एकदा खोटं बोलता आलं असतं. कुणी सांगावं, तरीही गेला असता, असं म्हणता आलं असतं. "डोळा ऱ्हायला असता," मी म्हणाले.

"चिठ्ठी कुठाय?"

"जाळली."

"कवा?"

"नांदेडहून आलो त्याच सांजेला. अंजूच्या शेकाचे निखारे पेटत नव्हते."

तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला. "बाहेर व्हा," ती म्हणाली. ओरडली नाही. मी उठले, चपला हातात घेतल्या आणि समोरच्या माझ्या उंबऱ्यावर जाऊन बसले. वाईट वाटत होतं, आणि लाज वाटते सांगायला, पण हलकंही वाटत होतं. सतरा वर्षांनी सांगून मोकळी झाले होते. आता अंजूला सांगायचं, तिचे पाय धरायचे, ती थुंकली तर थुंकू द्यायचं, असं मी मनाशी मांडून ठेवलं.

तासाभरानं नीलम्मा आली. डोळे सुजले होते. बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"जाईल ती नांदेडला. मी तिच्या बापाला सांगितलंय."

"अल्ला तुझं भलं करो. मी आज तिला सगळं सांगते—"

"तिला कळता कामा न्हाई."

"नीलम्मा, सांगू दे मला. तिचा हक हाय. शिव्या देऊ दे, मारू दे."

"तुमाला मोकळं व्हायचंय," ती म्हणाली. "मला कळत न्हाई व्हय? अंजू दहावीत असताना माझ्या गळ्यात पडून म्हणली होती, आई, तू काय मुद्दाम पडलीस का. तिनं मला कवाच माफ केलंय. तुम्हाला करील का न्हाई, ते मला ठाव न्हाई. त्या पोरीला या जगात तीन माणसं हायती, खाला. बाप, मी आन तुम्ही. त्यातलं एक मी कमी करू? मी पडले, असंच तिच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला त्याची सवय झालीय. ती नानी म्हणून हाक मारंल, तुम्ही ओ द्यायची. मरंस्तोवर द्यायची."

एवढं म्हणून ती वळली. मग पुन्हा थांबली. "सांजच्या डब्याला या. मेथी निवडायची हाय." मी गेले. आम्ही दोघींनी मेथी निवडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गेलो. संगप्पा तिकिटाच्या गडबडीत होता. अंजूनं नवा पंजाबी ड्रेस घातला होता, केस नीट वळवून बांधले होते, कपाळ उघडं ठेवलं होतं. नांदेडची गाडी लागली तशी ती माझ्याकडं आली आणि दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले.

"नानी, खरं सांगा, आईला काय सांगितलंत? बाबांचं ऐकलं नाही तिनं, माझं ऐकलं नाही, आणि तुम्ही एकदा बोललात तर तयार झाली."

"काय न्हाई गं. असंच."

"असंच कसं? मला सगळं माहितीय," ती हसत म्हणाली, "लहानपणापासून तुम्हीच माझ्या बाजूनं आहात. हे सगळं तुमच्यामुळं आहे, नानी."

तिच्या खांद्यावरून मला नीलम्मा दिसत होती. खाली बसून ती पिशवीची गाठ पक्की करत होती. वाटलं, आता तरी ही वर बघेल आणि मान हलवेल, सांगा म्हणेल. तिनं गाठ ओढून बघितली, आणखी एक मारली आणि वर न बघताच म्हणाली, "बोलती ती, ऐकून घ्या की."

मी ऐकून घेतलं.